मिसेस लिनच्या साठीच्या नूडल्स

"कापायची नाही, तोडायची नाही. तोंडात धरली की शेवटपर्यंत ओढत राहायचं," डब्याचं झाकण उघडत मिसेस लिन म्हणाल्या. "लांब नूडल, लांब आयुष्य."

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या त्या हॉस्पिटलात लॅबच्या मागे कॉफीची एक चिंचोळी खोली होती. दुपारी तिथे तिघी जेवायला बसत. रक्त तपासणाऱ्या उपासना आणि कांचनताई, आणि लॅबचं काचसामान धुणाऱ्या मिसेस लिन. आज मिसेस लिनना साठ वर्षं पुरी झाली होती. नवरा मार्चमध्ये गेला. मुलगा सिॲटलला, त्याने सकाळी फोन केला, संपलं. वाढदिवसाच्या नूडल्स काही एकट्याने खायच्या नसतात, म्हणून बाईंनी पहाटे उठून मैदा मळला, हाताने एकेक लांब दोर ओढला आणि या दोघींसाठी मशरूम-गाजराच्या सारात शिजवून आणल्या.

"नो मीट, नो एग," त्यांनी दोनदा सांगितलं. "पातेलंसुद्धा नवीन."

"नवीन म्हणे!" कांचनताई हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाल्या. "हे लोक काय काय खातात, देवाला माहीत. आपल्या लोकांना नाही गं बाई चालत." आणि लगेच इंग्रजीत, गोड आवाजात, "सॉरी हं, माझं पोट बिघडलंय." मग दोघींनी उपासनाकडे पाहिलं.

'आपल्या लोकांना.' या शब्दात उपासना गेली दोन वर्षं अंग चोरून बसली होती. आडनावावरून काही कळत नव्हतं आणि तिने कळू दिलं नव्हतं. कांचनताईंच्या गाडीतून येणं-जाणं, त्यांच्या घरचा गणपती, हळदीकुंकू, सगळं त्या एका शब्दावर चाललं होतं. खाण्याचं म्हणाल तर ती कोंबडीची तंगडी सोडणारी नव्हती. पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं, "आज माझा उपास आहे."

"अय्या, तू सोमवार करतेस?" कांचनताईंना कोण आनंद झाला. "आणि कधी बोलली नाहीस! मी तर इथे आल्यावर सगळं गुंडाळूनच ठेवलं." मिसेस लिनना त्यांनीच समजावून सांगितलं, सूर्य मावळेपर्यंत ती काही खाणार नाही.

मिसेस लिननी मान डोलावली आणि झाकण परत लावलं. "मग संध्याकाळी. तू उपाशी असताना मी कशी खाऊ?"

उपासनाच्या घरात उपास कुणालाच ठाऊक नव्हते. तिच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते सुटले होते. तिला फक्त एका बाईचे उपास माहीत होते. नागपूरला क्वार्टर्समध्ये बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची आणि वाटी घेऊन उपासनाला वरच्या मजल्यावर पाठवायची. वरच्या काकू दारातूनच म्हणायच्या, "अगंबाई, आज माझा उपास आहे गं." दरवर्षी. वाटी जशीच्या तशी परत आली की आई म्हणायची, "आपल्या घरची खीर दिसली का बाईले उपास आठवते." आणि हसायची. ते हसू उपासनाला कधी आवडलं नव्हतं. आज त्याच काकूंचं वाक्य तिने जसंच्या तसं वापरलं होतं, आवाजातल्या गोडव्यासकट. तिला स्वतःची शिसारी आली.

त्यात भूक काही थांबेना. दोन वाजता तिने डबा उचलला आणि कोट टांगायच्या खोलीत, दाराला पाठ लावून, उभ्याउभ्याने भाजी-पोळी खाल्ली. घास गिळताना कान बाहेर होते. चोरसुद्धा बरा, तो निदान दुसऱ्याचं तरी खातो.

साडेतीनला शिफ्ट सुटली. "चल गं, राइड!" कांचनताई किल्ल्या वाजवत म्हणाल्या. कोट घालून उपासना निघालीही होती. जाता जाता तिने कॉफीच्या खोलीत डोकावलं. मिसेस लिन खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर डिसेंबरचं आभाळ राखाडी, सूर्याचा पत्ता नाही. म्हणून त्यांनी पेपरातली सूर्यास्ताची वेळ पेनाने गोल करून ठेवली होती, पाच वाजून दोन मिनिटं.

"तुम्ही व्हा पुढे, कांचनताई."

"का गं? बर्फ पडायच्या आत निघू या ना."

"नको. तुम्ही जा."

कांचनताई गेल्या. उपासना मिसेस लिनसमोर बसली, आणि धीर सुटायच्या आत बोलून टाकलं, "माझा उपास नाहीये. मी खोटं बोलले. आमच्यात उपास नसतोच."

आईच्या खिरीचं सांगावं असं तिच्या फार मनात आलं. पण ते सांगितलं असतं तर माफी बाजूला राहिली असती आणि आपणच कीव मागत बसलो असतो. मिसेस लिननी पेपर बाजूला सारला.

"म्हणजे दिवसभर उपाशी नव्हतीस?"

"नाही. लपून जेवले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला त्याचीच काळजी होती."

उपासनाला वाटलं, यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मिसेस लिननी डबा गरम केला आणि कागदातून चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या काढल्या. दुपारपासून आणखी तीन तास सारात पडून नूडल्स टम्म फुगल्या होत्या. त्यांनी एक हलकेच उचलली. ती अर्ध्यावरच तुटली आणि सारात पडली. दुसरी टोकालाच तुटली. तिसरी त्यांनी अगदी श्वास रोखून, सावकाश वर घेतली, आणि तीही तुटली. उपासनाने मान खाली घातली.

मिसेस लिननी चॉपस्टिक्स पुसल्या आणि पुन्हा कागदात नीट गुंडाळून ठेवल्या. मग उठून ड्रॉवरमधून दोन चमचे आणले आणि एक तिच्यापुढे ठेवला.