जेवणारी माणसं

मीठ, बरणीचं वजन वजा करून: आठशे चाळीस ग्रॅम.

गळ्याला हात लावण्याआधी विचारायचं.

दोरीवर दोन टॉवेल. एक ओला, एक वाळून कडक झालेला.

मिठावर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला की जांभळा डाग पडतो. नाही पडला तर आयोडीन नाही.

घरात जेवणारी माणसं: दोन.

हे सगळं माझ्या वहीत एकाच पानावर आहे, कारण ते एकाच घरातलं आहे. माझं काम असं: गावातल्या तीस घरांत जायचं, माणसांची वजनं-उंची घ्यायची, गलगंड आहे का बघायला गळे चाचपायचे, लघवीच्या बाटल्या न्यायच्या आणि मिठाची बरणी तोलून यायचं. आठव्या दिवशी बरणी परत तोलायची. कमी झालेलं मीठ भागिले माणसं भागिले सात. कुणाच्या पोटात किती आयोडीन जातं, याचा अंदाज त्यावरून येतो.

तिसावं घर निवृत्त पोस्टमनचं. बायको कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ही शेजारी गेलीय. मी दोन बाटल्या ठेवल्या, एकीवर पुरुष, दुसरीवर स्त्री लिहून. सकाळी न्यायला गेले तर दोन्ही काठोकाठ भरलेल्या, दोन्ही सारख्याच कोमट. ही आत्ताच बाहेर पडली म्हणे. ओट्यावर एक ताट पालथं होतं, एक वाटी. मी बाटल्यांची झाकणं घट्ट केली. सर्वेक्षणाच्या दोन महिन्यांत मीही भाड्याच्या खोलीत एकच ताट घासत होते, आणि त्याबद्दल मला कुणी विचारलेलं आवडलं नसतं.

आठव्या दिवशी तो दाढी करून दारातच उभा होता. चहा तयार होता. मी बरणी काट्यावर ठेवली.

एकशे तीस ग्रॅम उरलेलं. म्हणजे सातशे दहा गेलं. मी पुन्हा तोललं, तेवढंच.

हिचा हात मिठाला जरा सैल आहे, तो म्हणाला.

"काका, एवढ्या मिठात दहा माणसांचं घर चालतं."

त्यानं बरणीचं झाकण लावलं. मग हळूच विचारलं, "दोघांना किती लागतं?"

"आठवड्याला दीडशे धरा."

"मला कुठलं कळायला? ही असताना मी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं?"

मग त्यानं सांगितलं. बायको मुलीकडे गेली त्याला चार महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही. आता मी तिकडेच राहीन, एवढंच म्हणाली. गावात त्यानं आठ दिवसांसाठी गेलीय असं सांगितलं, आणि ते आठ दिवस काही संपेनात. मी परत तोलणार म्हटल्यावर तो रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक मूठ मीठ मोरीत सोडत होता. बाटल्यांचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

"ताई, एक लिहू नका. बाकी काय वाटेल ते लिहा."

फॉर्मवर आरोग्यसेविकेची सही लागते, आणि ती त्याच्याच गल्लीत राहते. एक लिहिलं की संध्याकाळपर्यंत गावभर. दोन लिहिलं तर सगळ्या गावाचा आकडा खोटा. फॉर्मच्या तळाशी तिसरी सोय असते: घर वगळलं, कारण. मी लिहिलं, मीठ सांडलं. दोन्ही बाटल्यांचे नंबर खोडले. त्याऐवजी यादीतलं राखीव घर घ्यायचं ठरलं.

त्यानं ते चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं.

"म्हणजे आमचं घर मोजलंच नाही?"

"नाही."

"मग आता परत यायचं काही कारण नाही तुम्हाला."

नव्हतंच. मी काटा पिशवीत भरला, कप विसळायला उठले, तर तो राहू द्या म्हणाला.

दारापर्यंत येऊन त्यानं सांगितलं: माझ्या पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी मुलीनं त्याला फोन करून राहायला बोलावलं होतं, आणि यादीत घर लागलंय, मोजणीची बाई यायची आहे असं सांगून त्यानं जायचं टाळलं होतं.