झाकलेल्या तक्रारींची शीर्षकं

नेव्याना कराजोवाचं म्हणणं असं, की जो दुकानदार स्वतःच्या दुकानातली भाजी घरी शिजवत नाही, त्याच्याकडून भाजी घेऊ नये. म्हणून म्राव्का या प्रोग्रॅममधले दोष म्राव्कामध्येच नोंदवले जात. म्राव्का म्हणजे मुंगी. कुणी काय तक्रार केली, ती कुणाकडे गेली, सुटली की लोंबकळतेय, हे धरून ठेवणं एवढंच या मुंगीचं काम. प्रोग्रॅम फुकट, कोड सगळ्या जगाला वाचायला खुला. प्लोवदिव शहरात चपला दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीतून नेव्याना आणि तिचा जुना सोबती झाहारी अठरा वर्षं तो सांभाळत होते.

नेव्यानाचे आणखी दोन नियम होते आणि दोन्हींचा तिला भलता अभिमान. पहिला, शीर्षकातच सगळं कळलं पाहिजे. ‘चालत नाही’ एवढंच शीर्षक देणाऱ्याला ती चारचौघांत झापायची. दुसरा, सुरक्षेची दुरुस्ती महिन्याच्या शेवटच्या मंगळवारीच बाहेर पडणार आणि सगळ्यांना एकदमच कळणार. सख्ख्या भावालाही एक मिनिट आधी नाही. त्यामागे कारण होतं. दुरुस्ती बाहेर आली की ती वाचून कुठल्याही चोराला भोक नेमकं कुठे होतं ते समजतं. त्या वेळी जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक आपापल्या खुर्चीत असावेत, सुट्टीवर नसावेत, असा तिचा हिशेब.

मे महिन्याच्या चौदा तारखेला एका परक्या माणसाची मेल आली. म्राव्कात कुणी नवी तक्रार लिहायला घेतली, की खाली आधीच्या तशाच तक्रारींची शीर्षकं दिसत, म्हणजे एकच रडगाणं दोनदा नको. नव्या आवृत्तीत त्या यादीत झाकून ठेवलेल्या, म्हणजे फक्त आतल्या माणसांनी बघायच्या तक्रारीही दिसू लागल्या होत्या. आतला मजकूर नाही, फक्त शीर्षक, पण अख्खं. नेव्यानाने दोन दिवसांत दुरुस्ती केली, झाहारीने तपासली. सोळा तारखेपासून ती तयार दुरुस्ती अठ्ठावीसच्या मंगळवारची वाट बघत पडून राहिली.

आणि त्या दोषाची तक्रार? ती नेव्यानाने नियमाप्रमाणे स्वतःच्याच म्राव्कात नोंदवली, झाकून ठेवली आणि वर शीर्षक दिलं: ‘नवी तक्रार लिहिताना झाकलेल्या तक्रारींची शीर्षकं बाहेरच्यांना दिसतात’. अशी चूक करायला माणूस हुशार लागतो आणि वर नियमाचा पक्काही लागतो.

गुरुवारी तेवीस तारखेला दुपारी परदेशातल्या तार्तू शहराच्या एका ग्रंथालयातल्या माणसाने फार सभ्य भाषेत एक तक्रार लिहिली, तीही उघडी, कुणीही वाचावी अशी. मी दुसरंच काही लिहायला आलो होतो, तो म्हणत होता, पण खालच्या यादीत हे शीर्षक दिसलं. ते तुम्हाला माहीत आहे का? खाली त्याने ते शीर्षक जसंच्या तसं उतरवलं होतं.

नेव्यानाच्या हातात बानित्साचा, चीज भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीचा तुकडा होता, तो तिने परत कागदावर ठेवला. झाहारी तेव्हा निघायच्या तयारीत होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी चोवीस मे, अक्षरांचा सण, देशभर सुट्टी, जोडून शनिवार-रविवार. गावी लावायला घेतलेली काकडीची रोपं त्याच्या हातातल्या पिशवीत होती. त्याने पडद्यावर वाकून वाचलं आणि आधी हसला. मग नेव्यानाचा चेहरा बघून हसणं आवरलं. त्याचं मत साधं होतं. तार्तूवाल्याची तक्रार पुसायची, त्याला आभाराची मेल टाकायची, मंगळवारपर्यंत गप्प बसायचं. आत्ता दुरुस्ती सोडली तर अख्खा देश सुट्टीवर, आणि चोरांना कसली सुट्टी?

एरवी हेच वाक्य नेव्यानाने त्याला ऐकवलं असतं. पण आज गोष्ट वेगळी होती. तिला रुसेची डोब्रिना आठवली होती.

डोब्रिना रुसे शहरात एक मदतकेंद्र चालवायची. नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायकांना ते केंद्र घर शोधून देई. तीन वर्षांपूर्वी ती या खोलीत येऊन बसली होती आणि नेव्यानानेच तिला म्राव्का लावून दिलं होतं. बाहेरून कुणीही बाई नाव न सांगता फॉर्म भरू शकेल, प्रत्येक प्रकरण झाकलेलं राहील, असं. आणि जाता जाता नेव्यानाने तिला आपला आवडता उपदेशही केला होता: शीर्षकातच सगळं लिहीत जा, धावपळीत आत उघडून बघायला वेळ नसतो. डोब्रिनाने तो मनापासून पाळला होता. तिची शीर्षकं बाईचं नाव, मुलं किती आणि नवा पत्ता अशी असत. म्हणजे रुसेतल्या कुठल्याही नवऱ्याने तो फॉर्म उघडून बायकोचं नाव टाइप केलं, तर खाली पत्ता हजर.

हे गेले नऊ दिवस नेव्यानाला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण नियम तो नियम, आपल्या ओळखीची म्हणून डोब्रिनाला आधी सांगायचं आणि बाकीच्यांनी काय पाप केलंय, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं होतं. भोक कुणाला माहीत नाही तोवर चिंता नाही, ही मनाची समजूतही घातली होती. आता ते भोक तिच्याच दारावर पाटी लावल्यासारखं दिसत होतं.

“आजच सोडायचं,” ती म्हणाली.

झाहारीने पिशवी खाली ठेवली. “मंगळवारचा नियम तूच लिहिलायस.”

“म्हणून मीच मोडतेय. तू चाचण्या लाव.”

चाचण्यांना दोन तास लागत. त्या दोन तासांत नेव्यानाने तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. तिसऱ्या वेळी झाहारी न बघताच म्हणाला, की सगळ्यांना एकदम म्हणजे एकदम, एक नियम तरी शिल्लक ठेव. तिला त्याचा मनस्वी राग आला, पण तिने त्याचं ऐकलंही. पाच वाजून दहा मिनिटांनी नवी आवृत्ती जगासमोर गेली. पाच वाजून अकरा मिनिटांनी तिने डोब्रिनाला फोन लावला.

डोब्रिना वर्नाच्या बसमध्ये होती, बहिणीकडे सणाला. नेव्यानाने काय झालंय ते सांगितलं. मग डोब्रिनाने विचारलं, की दुरुस्ती बसवायला मी सणानंतर परत येईपर्यंत मशीन बंद ठेवलं तर? नेव्याना म्हणाली, ठेव, तेच बरं. डोब्रिना म्हणाली, ठेवलं, तर या चार दिवसांत जी बाई फॉर्म भरायला येईल तिने काय करायचं.  डोब्रिना पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट्या दिशेच्या बसची वाट बघत उभी राहिली.

रात्री नेव्यानाने म्राव्काच्या पानावरची घोषणा पुन्हा वाचली. ‘झाकलेल्या तक्रारींची शीर्षकं काही वेळा दिसू शकत होती’ असं त्यात लिहिलं होतं. वाक्य तिचंच होतं. ‘काही वेळा’ हे शब्द तिने काढून टाकले.

शुक्रवारी सकाळी प्लोवदिवच्या रस्त्यावरून शाळांच्या मिरवणुका गेल्या. वाद्यं वाजत होती, मुलांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट होते. नेव्याना खिडकी लावून बसली. डोब्रिनाचा फोन बाराच्या सुमाराला आला. झाहारी गावी गेला नव्हता. त्याची रोपं कोपऱ्यात माना टाकून पडली होती.

डोब्रिनाने दुरुस्ती पहाटेच बसवली होती. मग तिने सर्व्हरचा लॉग उघडला, कारण फॉर्ममध्ये कधी काय टाइप झालं ते त्यात राहतं. कुणीतरी एकच नाव सात वेळा टाइप केलं होतं. आधी फक्त पहिलं नाव, मग आडनावासकट, मग मुलीच्या नावासकट. फॉर्म मात्र एकदाही पाठवला नव्हता. ती बाई आणि तिची सात वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. डोब्रिना गाडी घेऊन तिथे गेली, तेव्हा शेजारीण म्हणाली, की बुधवारी एक माणूस खाली उभा राहून विचारत होता, नवीन बाई कुठल्या मजल्यावर. शेजारणीला त्याचा चेहरा आवडला नाही, म्हणून तिने माहीत नाही सांगितलं.

“म्हणजे वाचल्या,” नेव्याना म्हणाली.

“वाचल्या. शेजारणीमुळे.” डोब्रिनाच्या आवाजात राग नव्हता, नुसता दमलेपणा होता. “सकाळी दुसऱ्या गावी नेलं दोघींना. मुलीला आज शाळेच्या मिरवणुकीत ‘ज’ हे अक्षर धरायचं होतं. पुठ्ठ्याचं, तिनेच रंगवलेलं. गाडीत मांडीवर घेऊन बसली होती. आता नवीन शाळा, तीही मिळाली तर.”

 झाहारी समोर उभा होता. त्याने विचारल्यासारखी भुवई उडवली, तिने हाताने त्याला थांबवलं.

“ताई, एक विचारू?” डोब्रिना म्हणाली. “तुला हे कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. घोषणेत तारीख नव्हती, आणि काल दुपारी तार्तूवाल्याकडून कळलं म्हटलं असतं तर कुणी तपासायला आलं नसतं.

“चौदा तारखेला.”

“आणि दुरुस्ती कधी तयार झाली?”

“सोळाला.”

 पलीकडे कुठेतरी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

“तो एकवीसला आला होता फॉर्मवर,” डोब्रिना म्हणाली.

नेव्यानाने सांगायला सुरुवात केली, की नियम लोकांच्या भल्यासाठीच आहे, सगळ्यांना सावध राहता यावं म्हणून, सणासुदीला माणसं जागेवर नसतात म्हणून. स्वतःचाच आवाज ऐकून ती अर्ध्यात थांबली.

“पुढच्या वेळी दुरुस्ती झाली, की त्याच दिवशी सोड,” डोब्रिना म्हणाली. “आम्ही बसमध्ये असलो तर उतरू.”