राखी टोपली

राखी.

थोरल्या जावेच्या खुराड्यात कोंबडा राखी, कोंबड्या राखी. प्रदर्शनाचा चषक मात्र हुलकावणी देत होता. तिथला नियम कडक: एका कोंबडीखाली निघालेली सगळी पिल्लं दाखवायची, आणि सगळी एका रंगाची हवीत. यंदा हरलो तर खुराडं मोडायचं, असं तिने घरात ठणकावून सांगितलं होतं. नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं. हातोडी शोधून दाराशी ठेवली.

काळं.

कारण राखीच्या पोटी दर खेपेला एखाददुसरं काळं निघायचंच.

पांढरं.

आणि ठिपक्याठिपक्यांचं पांढरंही. अशांना ती कुंपणावरून धाकट्या जावेच्या हवाली करायची. थोरलीच्या खुराड्यात राखीशिवाय कुणाला थारा नव्हता.

पुन्हा राखी.

प्रदर्शनात थोरलीची तिरंगी टोपली बाजूला सारली गेली. शेजारच्या टेबलावर धाकटीची टोपली: काठोकाठ राखी. चषकही तिलाच.

"काळी-पांढरी कुठे दडवलीस गं?" थोरलीने दबक्या आवाजात विचारलं.

"निघालीच नाहीत, ताई. तुम्ही हाकललेला काळा कोंबडा नि तुम्हीच हाकललेली पांढरी. दोघांनी माझ्याकडे संसार थाटला."

थोरली तडक परीक्षकांकडे गेली. ते हसले. म्हणाले, या कोंबड्यांत काळा रंग पांढऱ्याला दाबत नाही की पांढरा काळ्याला. एकेक वाटा दोघांचा, म्हणून पिल्लू राखी. पण राखीला राखी जोडलात की वाटे नव्याने पडतात. कुणाला दोन्ही काळे, कुणाला दोन्ही पांढरे, उरलेल्यांना एकेक.

म्हणजे इतकी वर्षं ती चषकच कुंपणावरून देत आली होती.

काळं आणि पांढरं.

घरी पोचल्यावर धाकटीने सवयीने कुंपणावरून ओंजळ पुढे केली. थोरलीने टोपलीतून काळं पिल्लू उचललं, पांढरं उचललं. हात निम्म्यावर थांबला.

"ही दोघं माझ्याकडेच राहतील."

"दोन्ही कोंबड्याच निघाल्या तर?"

"मग तुझ्या काळ्याकडे मागणी घालीन. विहीणबाई म्हणून मानपान सांभाळ म्हणजे झालं."

दाराशी नवरा हातोडी घेऊन आशेने उभा होता. तिने ती काढून घेतली, खुराड्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "आता खिळे आणा. एक खण वाढवायचाय."