बॉनेटखालची ओटी

मूर्तिजापूर-बडनेरा रस्त्यावर बंद पडलेल्या एका मोटरीसमोर बाजारातून परतणारी शेपन्नास माणसं हात जोडून उभी होती. मोटर भाड्याची, ड्रायव्हर नबी. मागच्या सीटवर माझी लेक शकुन आणि तिची सासू. शकुन अडली होती. सुईणीनं हात टेकले, म्हणून तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेत होतो. एकसष्ट सालचा वैशाख.

जवळच्या मठातून खुशालबाबा आले. बॉनेटखाली हात फिरवून त्यांनी डोळे मिटले. गाडीत बाईमाणूस बसलंय म्हणाले, नुकतंच गेलेलं. विहीणबाईंनी लगेच सांगून टाकलं, की माझी बायको सत्यभामा माघात वारली.

"सवाष्ण गेली, पण ओटीवाचून गेली," बाबा म्हणाले. ओटी भरल्याशिवाय ती लेकीला पुढं जाऊ देणार नव्हती.

विहीणबाईंनी बोचक्यातून खण काढला. बाबांनी तो विहिरीच्या पाण्यात भिजवून बॉनेटखालच्या एका तापलेल्या काळ्या डबीला गुंडाळला आणि मंत्र धरला. मंत्र काही संपेना. देव झाले, नद्या झाल्या, मला वाटलं आता स्टेशनंही येतात. शेवटी नबीनं चावी फिरवली आणि मोटर चालू झाली. जयजयकार झाला. बाबा बंदोबस्ताला म्हणून पुढच्या सीटवर चढून बसले.

बडनेऱ्याच्या अलीकडं मोटर पुन्हा बंद. आता सत्यभामेला म्हणे शकुनच्या गळ्यातली पोत हवी होती. माझ्या बायकोनं उभ्या जन्मात एक लुगडं मागितलं नव्हतं.

शकुननं कळ सोसत मान उचलली. "माही आई माही वाट कावून अडवन? नबीभाऊ, त्या डबीवर वलं फडकं ठेवा. अन् महाराज, तुमी तोंड बंद ठेवा."

"अनर्थ होईल, पोरी."

"होऊ द्या. मंतरानं चालते का पान्यानं, हे तं समजन."

बाबा तरी पुटपुटायला लागले. तेव्हा विहीणबाईच म्हणाल्या, "गप बसा न जरा. पोरगी करून पाहून राह्यली."

फडकं सुकत आलं. नबीनं चावी फिरवली. मोटर चालू.

ती डबी म्हणजे कॉइल, नबीनं सांगितलं. इंजिनाला ठिणगी तिच्यामुळं मिळते. आतली तार खराब झाली की कॉइल तापल्यावर ठिणगी मरते, गार झाल्यावर परत येते. मग त्यानं बाबांना विचारलं, "महाराज, कोन्त्या ट्रकवर क्लीनर होते?"

बाबा बडनेऱ्यालाच उतरले.

शकुनला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

माणूस गेलं की त्याच्या नावानं कोणीही बोलायला लागतं, आणि आपण ऐकत बसतो, कारण तेवढंच ते नाव कानी पडतं. पण गेलेलं माणूस लेकराची वाट अडवत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर त्यातला मंत्र वगळून तेच एकदा करून बघा.