न उकळायचा पाला

मी काढ्याचं मडकं बोलतोय. आधीच सांगून टाकतो, यिउचोच्या मरणाला दोन म्हातारे जबाबदार आहेत: एबेलिंग डॉक्टर आणि यिउचोचा बाप, मोक वैद्य. हिवतापाचं नाव लोक उगाच पुढे करतात.

चीनमधल्या पूर्व नदीच्या गाळाचं माझं अंग. वीस वर्षं मोक वैद्याच्या चुलीवर काळा झालो. यिउचो जर्मन मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला आणि बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं. डॉक्टर चिनी औषधांवर वही लिहीत होता. त्याला जुनं मडकं हवं होतं, म्हणून यिउचोने मला आईकडून मागून नेलं.

डॉक्टर घड्याळ लावून माझ्यात काढे उकळायचा आणि लिहायचा. विचारायचा कुणालाच नाही.

आठव्या महिन्यात यिउचो तापाने पडला. हिवतापावरचं कोयनेल संपलेलं, पुढची बोट दहा दिवसांनी. तेव्हा बाप आला, हातात चिंगहाव या तापावरच्या झुडपाचा ओला पाला घेऊन.

"गार पाण्यात भिजवा, पिळा, रस पाजा. उकळू नका. याला मडकं लागतच नाही."

"कच्चं पाणी? आजाऱ्याला?" डॉक्टर म्हणाला. "त्यातूनच तर जंत होतात, वैद्यबुवा."

"माझे आजोबा हेच पाजायचे."

"आणि मेले किती, ते मोजलं होतं का आजोबांनी?"

यिउचो कुडकुडत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एकदा बाबांचं ऐकून तर..."

"तूसुद्धा? भिंगातून पाणी दाखवलं होतं ना तुला?"

बापाने पाला टेबलावर आपटला. "उकळा! तुमचाच झालाय ना तो आता!" आणि चालता झाला.

पाणी आधी उकळून गार करता आलं असतं. मग पाला भिजवायचा. एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचली नाही. दोघांनाही आपलंच खरं करायचं होतं.

पाला तासभर माझ्यात शिजला. उकळून त्याचा गुण वाया जातोय हे मला कळत होतं. पण मला तोंड आहे ते फक्त वाफ सोडायला.

तिसऱ्या दिवशी यिउचो गेला. डॉक्टरने वहीत लिहिलं, "चिंगहाव: निरुपयोगी."

आमच्याकडे मागून नेलेलं औषधाचं मडकं कुणी परत पाठवत नाही, मालकानेच येऊन न्यायचं असतं. मला न्यायला कुणी आलं नाही. डॉक्टरच्या फळीवर आहे, पोटावर कागद चिकटवून.

यिउचो तेवीस वर्षांचा होता. मोक वैद्याला दुसरा मुलगा नाही.