सुरम्याच्या नऊ पुंगळ्या

झर्दकुह डोंगरावरचा बर्फ उतरायला लागला तेव्हा शहरकोर्दच्या डॉक्टरनं माझ्या म्हाताऱ्याला घरी पाठवून दिलं. छातीत पाणी झालंय, खायला जे मागेल ते द्या, म्हणाला. याचा अर्थ कळायला शाळा लागत नाही.

खुदामुरादनं खायला काहीच मागितलं नाही. भिंतीवरची बर्नो बंदूक खाली घ्यायला लावली, मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मी गेल्यावर थडग्यापाशी तुम्ही बार काढणारच. पण तो मला कुठं ऐकू येणार? हिचा आवाज एकदा जिवंतपणी ऐकवा."

पुतण्या म्हणाला, काका, माझी बंदूक आणतो, हव्या तेवढ्या गोळ्या झाडू. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझी खोकते रे. बोलत नाही," म्हणाला.

बर्नोला काडतूस नव्हतं. शेवटचं पाच वर्षांपूर्वी लांडग्यावर गेलं होतं, आणि तेही चुकलं होतं. मी डोक्यावरून काळी चादर घेतली आणि निळ्या पिकअपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसून तालुक्याला गेले. मागं मेंढ्यांबरोबर मी बसत नाही. शिकारीच्या दुकानात एक पोरगा मोबाईल बघत होता. मी माप सांगितलं. या मापाचं आता येतच नाही आजी, म्हणाला, आणि दुसरीच डबी पुढं केली. मी विचारलं, पायाला जोडा बसत नाही म्हणून तू पाय कापतोस का? पोरगा ओशाळला. तीन दुकानं झाली. शेवटच्या दुकानात शिकारखात्यातून निवृत्त झालेला एक रखवालदार चहा पीत बसला होता. तो म्हणाला, बीबी, उगीच वणवण करता. जुन्या बर्नोचं काडतूस भरून देणारा या मुलुखात एकच माणूस उरलाय. उस्ता बेमानअली.

हे नाव मला घरून निघतानाच ठाऊक होतं. म्हणून तर मी तीन दुकानं फिरले.

आता जे सांगते ते मी एकोणीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बेमानअली आणि माझा म्हातारा एका ताटात जेवणारे. म्हातारा शिकार करायचा, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून आणायचा, आणि बेमानअली त्यांत नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवून परत द्यायचा. तेव्हाही नवी काडतुसं दुर्मीळच होती. एकेक पुंगळी सात-आठ वेळा भरली जायची. चाळीस पुंगळ्यांची चामडी पिशवी होती. दर शरदात ती भरायला जायची, आणि पोचवायचं काम माझं.

त्या वर्षी माझ्या गुलतलाचं लग्न ठरलं होतं. मुलाची आई बघायला आली तेव्हा मुलीला लावायला आम्ही सुरमा काढला तो प्लॅस्टिकच्या डबीत. तिनं डबी दोन बोटांत धरून फिरवली आणि हसली. काही बोलली नाही, नुसती हसली. माझ्या अंगाची लाही झाली. आमच्या आया सुरमा पितळी पुंगळीत ठेवायच्या, वर मण्यांची खोळ, तोंडाला लाकडी बूच. मी ठरवलं, त्यांच्याकडच्या नऊ बायकांना नऊ सुरमादाण्या देईन, आणि अशा देईन की त्यांचं हसणं दातांतच राहील. पिशवी घेऊन निघाले, आणि वाटेत तीतून नऊ पुंगळ्या काढून घेतल्या. आठ सोयऱ्यांच्या, आणि एक माझी. नवव्या बाईला मी माझ्या आईची जुनी सुरमादाणी दिली. तिच्या बदली नवी केलेली स्वतःकडे ठेवली. खोळीच्या आत पितळ कुणाला दिसणार?

बेमानअलीनं एकतीस काडतुसं परत पाठवली. म्हाताऱ्यानं मोजली. मला विचारलं, वाटेत सांडली का? नाही, म्हणाले मी. एवढा एकच शब्द. बेमानअली म्हणाला, आल्या तेवढ्या भरल्या. म्हातारा तापट. पाणवठ्यावर, गुरं पाजायला आलेल्या अर्ध्या वाडीसमोर त्यानं त्याला चोर म्हटलं. बेमानअलीनं हजरत अब्बासची शपथ घेतली. तीही म्हाताऱ्यानं खोटी ठरवली. मी तिथंच पाण्याची चामडी मशक भरत होते. मशक भरली, तोंड बांधलं, पाठीवर घेतली आणि घरी आले.

त्यानंतर पुंगळ्या भरणारं कुणी उरलं नाही. झाडलेल्या पुंगळ्या म्हातारा रागानं डोंगरातच टाकून यायचा. दोन-तीन वर्षांत काडतुसं संपत आली आणि बंदूक भिंतीवर चढली. ज्याला डोंगरावाचून जेवण जात नसे तो माणूस चाळिशी लावून टीव्ही बघायला लागला. मी त्याला आळशी म्हणायची. होय, मी.

तर बेमानअलीच्या दारात गेले. आता तो कुलपं दुरुस्त करतो. हात थरथरतात, पण त्यांत अवजार आलं की थांबतात. मला बघून उठला, गादी टाकली, चहा ओतला. घरचं विचारलं. मी म्हाताऱ्याचं सांगितलं, त्याला काय हवंय तेही सांगितलं. तो बराच वेळ खडीसाखर तोंडात घोळवत राहिला.

"दारू आहे," म्हणाला. "गोळीही निघेल. टोप्या दोन-तीन ठेवल्यात जपून. पुंगळी नाही, बीबी. पुंगळी आणा, आत्ता भरून देतो."

माझी सुरमादाणी माझ्या पिशवीत होती. एकोणीस वर्षं असतेच. दुसऱ्या बायकांनी आपल्या पुंगळ्यांना भोकं पाडून साखळ्या घातल्या. त्या आता भरण्याच्या कामाच्या नव्हत्या. माझी अखंड होती. मी उठले. बघते कुठं मिळते का, म्हणाले. उंबरठ्यापर्यंत गेले, जोड्यांत पाय घातले. मग स्वतःलाच म्हटलं, माहजान, तू आत्ता ही चढण उतरलीस तर घरातला म्हातारा तुझ्यामुळे दुसऱ्यांदा मरणार.

परत आले आणि सुरमादाणी त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं खोळ काढली. कागदावर सुरमा झटकला. पुंगळीचं बूड उजेडाकडं धरलं. प्रत्येक भरणीला तो बुडाच्या कडेवर कानशीनं एक खाच मारायचा. त्यानं अंगठ्याच्या नखानं खाचा मोजल्या. चार.

"बाकीच्या?" त्यानं विचारलं.

"सोयऱ्यांच्या बायकांना दिल्या. लग्नात."

"सुरम्यासाठी?"

"सुरम्यासाठी."

तो हसला. रडला असता तर मला झेपलं असतं. "मी इतकी वर्षं मनाशी म्हणायचो, कुणीतरी गरजू शिकाऱ्यानं नेल्या असतील. कुणाच्या पोरांच्या पोटात मांस तरी गेलं असेल. आणि तुम्ही डोळे रंगवलेत, बीबी." मग पुंगळी राखेनं घासत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझी बायको मरेपर्यंत विचारायची. खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही, घेतल्या होत्यास ना? चांगली बाई होती. शेवटपर्यंत तिनं मला माफच केलं."

मला बोलता येतं अशी माझी ख्याती आहे. मी कागदावरच्या सुरम्याची पुडी बांधत बसले.

सुकवणं, जुनी टोपी काढणं, नवी बसवणं, दारू तोलणं, यात दुपार गेली. काडतूस माझ्या तळहातावर ठेवून तो म्हणाला, काय सांगायचं, काय नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी काही मागत नाही.

मागितलं असतं तर बरं होतं. मग मी त्याच्याशी भांडले असते.

घरी आल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं मिळालं? तालुक्याला, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. सोपं होतं. मी पोराला आणि सुनेला बाहेर काढलं, त्याच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. पाणवठा, मशक, एक शब्द, सगळं. तो छताकडं बघत होता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"मी त्याला लोकांसमोर बोललो होतो," म्हणाला. "तू लोकांसमोर सांग. त्याला आणा. बार तोच काढेल. नाहीतर ते काडतूस नदीत टाका."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. बेमानअली नको म्हणाला. वाड्यावाड्यांच्या भांडणांत मी डोक्यावरची ओढणी काढून दोन्ही बाजूंच्या मध्ये टाकलेली आहे, आणि पुरुषांनी काठ्या खाली ठेवलेल्या आहेत. स्वतःसाठी कधी काढली नव्हती. त्याच्या दारात काढली. पांढरे केस उघडे पडले तसा तो घाईघाईनं उठला आणि म्हणाला, घाला बीबी, घाला, येतो.

अंगणात लोक जमले होते. म्हाताऱ्याची गादी आम्ही उन्हात ओढली होती. मी उभी राहिले. लहानपणापासून हुकूम देत आलेला आवाज त्या दिवशी कबुलीसाठी लावला. नऊ पुंगळ्या मी घेतल्या, उस्तानं नाही, एवढंच बोलले. ज्यांनी मला कधी उलटून विचारलं नव्हतं ते सगळे खाली बघत होते. विहिणीची धाकटी जाऊ कोपऱ्यात होती. तिचा हात नकळत ओढणीखाली, गळ्यातल्या साखळीकडं गेला.

बेमानअलीनं बंदूक घेतली. मग माझा म्हातारा म्हणाला, "आधी नळी पुसलीस का? की तेही मीच सांगायचं?"

"तू गप पड," बेमानअली म्हणाला, "आणि ऐक."

बार झाला. समोरच्या कड्यानं तो घेतला, मागच्या कड्याला दिला, आणि तो फिरत फिरत दरीच्या तोंडाशी जाऊन विरला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. गालावर सुरकुत्यांमधून पाणी वाट काढत होतं. बायकांनी जीभ फिरवत आनंदाची किल काढली. मी काढली नाही.

अकरा दिवस जगला त्यानंतर. बेमानअली रोज येऊन बसायचा. दोघं मेलेल्या कुत्र्यांबद्दल आणि हुकलेल्या पाझन रानबोकडांबद्दल भांडायचे. मी चहा नेऊन ठेवायची. म्हातारा म्हणायचा, ठेव तिथं. पाणी मागायचा, उशी उंच कर म्हणायचा. शिवी दिली नाही, ओरडला नाही. उभ्या जन्मात माझ्या प्रत्येक शब्दाला दोन शब्द परत करणारा माणूस, मला कामापुरतं बोलून गेला.

शेजारणी सांगतात, बीबीनं धन्याची इच्छा पुरवली, असं काळीज कुणाचं असतं. त्या अंगणात होत्या, सगळं ऐकलंय त्यांनी, तरी म्हणतात. माझ्या जिभेला भितात. मी त्यांना म्हणते, घरी जा, तुमचं दूध उतू जात असेल.