खिशात नाणं नव्हतं

माझी विद्यार्थिनी लाइबा जिन्यावरून पळत आली, ती धापा टाकतच. माझ्या टेबलावरचा चहाचा कप तिनं परस्पर बाजूला सारला आणि रुमाल पसरला.

"गोकुळ सर, आता बोला!"

बोलणार काय, कप्पाळ! रुमालावर लालसर अकीकाच्या दगडाचे मूठभर छिलके, म्हणजे फोडताना उडालेल्या कपच्या, होत्या. या पोरांच्या डोक्यात मी वर्षभर एकच गोष्ट कोंबत असतो. फुटका दगड दिसला की लगेच आदिमानवाच्या नावानं नाचू नका. आधी नाल्यावर संशय घ्या, मग ट्रॅक्टरवर, मग जेसीबीवर. आपोआप फुटलेला दगड कसाही फुटतो. माणसानं फोडलेल्यावर घाव बसल्याची जागा दिसते आणि तिच्या खाली टेंगूळ असतं.

"टेंगूळ बघा, प्रत्येकावर आहे," लाइबा म्हणाली. "हर्सूल तलावाच्या मागच्या नाल्यात मिळाले. ट्रॅक्टर तिथं जातच नाही, मी गुराख्याला विचारलं. अब्बांनी तर गुलमंडीत पेढे वाटले, सर! दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला सांगतात, हमारी लाइबाने हजारों साल पुराने औजार ढूंढे."

सोमवारी ती हे दगड पुरातत्त्वाच्या परिषदेत मांडणार होती. पीएचडीच्या अर्जातही तिनं हाच शोध लिहिला होता.

मी एक छिलका उचलून उजेडात धरला. कडा नव्या पात्यासारखी करकरीत. हा अकीक वैजापूरकडून मीच आणला होता! वर्गात दाखवायला दगडी हत्यारं घडवायची, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवर सराव करत बसायचो. पायात खडे टोचतात म्हणून रूपाली, आमची बायको, रोज करवादायची. शेवटी एका रविवारी सगळा चुरा गोणीत भरला आणि त्याच नाल्यात ओतून आलो.

आमच्या दगड फोडून बघणाऱ्या पुरातत्त्ववाल्यांत एक रीत आहे. असा चुरा कुठं टाकलाच तर त्यात चालू सालचं एक नाणं टाकायचं, म्हणजे पुढं कोणी फसत नाही. ही रीत मी वर्गात अगदी रंगवून सांगतो. पण त्या दिवशी खिशात नाणंच नव्हतं. हल्ली असतं कुणाच्या खिशात? भाजी फोनवर, चहा फोनवर. पुन्हा येऊन टाकू म्हटलं आणि साफ विसरलो. एवढा मोठा शहाणा मी!

गप्प बसता आलं असतं. "छान" म्हणून तिला वाटेला लावायचं, पुढचं परिषदवाले बघतील. हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"लाइबा, बस जरा," मी म्हटलं. "हे दगड माझे आहेत."

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. गच्ची, गोणी, नाला, नाणं. सांगताना माझाच आवाज मला नकोसा झाला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"मी सगळ्यांवर संशय घेतला, सर," ती हळूच म्हणाली. "नाल्यावर, ट्रॅक्टरवर, गुरांच्या खुरांवरसुद्धा. तुमच्यावर घ्यायचं सुचलंच नाही."

"मी येतो अब्बांशी बोलायला."

"नको. त्यांना मीच सांगते."

तिनं रुमालाची गाठ मारली. मग पिशवीच्या तळातून कागदात गुंडाळलेला आणखी एक दगड काढून माझ्या हातावर ठेवला.

"हा पण तुमचाच?"

मी तो खिडकीपाशी नेला. अंगावर वर्षानुवर्षांचा पांढुरका थर चढलेला, कडा झिजून बोथट झालेल्या, आणि त्या थराखाली टेंगूळ, अगदी स्पष्ट.

"नाही गं, हा माझा नाही. हा खरा आहे, लई जुना! कुठं मिळाला?"

"तिथंच. तुमच्या ढिगाखाली."

"मी लिहून देतो," मी घाईघाईनं म्हणालो. "चुरा माझा, पण हा माझा नाही. सही करून देतो."

लाइबानं तो दगड माझ्या हातातून काढून घेतला. ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

"द्या सर. पण नाल्यात चुरा ओतून नाणं टाकायला विसरणाऱ्या माणसाची सही कोण मानेल?"